बाळंतपणाच्या फाईलमधली व्हीडीआरएलची ओळ

मुंबईत प्रसूतिगृहात नाव घातलं की पहिल्याच फेरीत रक्ताच्या तीन-चार नळ्या भरून घेतात. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉइड, कावीळ, एचआयव्ही, आणि या गर्दीत कुठेतरी एक ओळ असते: व्हीडीआरएल. बहुतेकींच्या रिपोर्टवर तिच्यासमोर ‘नॉन-रिअॅक्टिव्ह’ असं छापून येतं आणि फाईल मिटते. ही तपासणी कशाची, हे विचारायची वेळच येत नाही. ती सिफिलिसची असते. जुनी माणसं याच आजाराला ‘गरमी’ म्हणत आणि तेही आवाज खाली आणून.

ज्यांच्या रिपोर्टवर ‘रिअॅक्टिव्ह’ येतं त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो. गर्भातल्या बाळाला होणाऱ्या गंभीर संसर्गांपैकी इतका स्वस्त आणि इतका खात्रीचा इलाज असलेला दुसरा क्वचितच सापडेल. औषध १९४३ पासून माहीत आहे. पेनिसिलिन. आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला तो १९५४ साली, आणि तोही मुख्यतः याच औषधासाठी. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे ११ लाख गरोदर बायकांना सिफिलिस होता आणि त्यातून ३ लाख ९० हजारांवर गर्भारपणं बिघडली. कुठे मूल पोटातच गेलं, कुठे जन्मून गेलं, कुठे अपुऱ्या दिवसांचं झालं, तर कुठे आजार घेऊनच आलं. आणि हा गरिबांचाच प्रश्न आहे असंही नाही. अमेरिकेत त्याच वर्षी जन्मजात सिफिलिसची ३,७६१ बाळं नोंदली गेली, दहा वर्षांपूर्वीच्या दहापटीहून जास्त. त्यांच्याच आरोग्य यंत्रणेने हिशेब मांडला की वेळेवर तपासणी आणि उपचार झाले असते, तर दहातली जवळजवळ नऊ बाळं वाचवता आली असती.

म्हणजे औषध आहे, तपासणीही आहे. बाळ हातचं जातं ते दोन पायऱ्यांच्या मधे. रक्त घेतलं पण रिपोर्ट आणायला कोणी गेलं नाही. रिपोर्ट आला पण इंजेक्शन ‘पुढच्या फेरीला’ ठेवलं. बायकोला इंजेक्शन मिळालं, नवरा आलाच नाही. डोस सुरू झाले आणि सातव्या महिन्यात ती माहेरी गेली. या आजारात कॅलेंडरला औषधाइतकीच किंमत आहे. का, ते समजायला आधी जंतू कसा वागतो ते बघावं लागेल.

ट्रेपोनेमा पॅलिडम असं त्याचं नाव. १९०५ साली जर्मनीत शाउडिन आणि हॉफमान या दोघांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला: बारीक, पीळदार, मळसूत्रासारखा फिरत पुढे सरकणारा. लागण मुख्यतः शरीरसंबंधातून होते आणि आईकडून गर्भाला. जिथून जंतू शिरला तिथे साधारण तीन आठवड्यांनी (कधी दहा दिवसांनी, कधी तीन महिन्यांनी) एक फोड येतो, त्याचा व्रण होतो. व्रण दुखत नाही, आणि खरी मेख हीच. बाईच्या बाबतीत तो बहुधा योनीच्या आत किंवा गर्भाशयाच्या तोंडाशी असतो, त्यामुळे दिसतही नाही. काही आठवड्यांत औषधाशिवाय भरून येतो. पुढे कधी अंगावर, विशेषतः तळहात-तळपायांवर पुरळ उठतं, कणकण येते, गाठी सुजतात. मे महिन्यातल्या मुंबईत अंगावर पुरळ म्हटलं की घामोळ्यांची पावडर येते. सिफिलिस कोणाच्या डोक्यात येणार? तेही आपोआप जातं. त्यानंतर वर्षानुवर्षं काहीच नाही. बाई ठणठणीत असते, नवराही. जंतू मात्र रक्तातून फिरतच असतो.

म्हणून ‘मला काही त्रास नाही, मग तपासणी कशाला?’ हा प्रश्न इथे लागूच पडत नाही. त्रास नसलेली बाईच या तपासणीतून जास्त सापडते.

आणखी एक शंका चाळीत हमखास निघते, ती इथेच उरकू. सार्वजनिक संडास, एका बादलीतलं पाणी, उष्टं ताट, बसची सीट, यांतून सिफिलिस होत नाही. शरीराबाहेर हा जंतू फार टिकत नाही.

गर्भापर्यंत तो वारेतून, म्हणजे प्लासेंटातून, पोचतो आणि त्यासाठी बाळंतपणापर्यंत थांबत नाही. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीतही तो वार ओलांडू शकतो. आईची लागण जितकी ताजी, तितके तिच्या रक्तात जंतू जास्त आणि बाळाला धोका जास्त. वर्षानुवर्षं जुनी लागण असेल तर धोका बराच कमी होतो, पण शून्य होत नाही. उपचार न झालेल्या गरोदर बायकांचा एकत्र विचार केला, तर निम्म्याहून अधिक जणींच्या बाबतीत काही ना काही विपरीत घडतं. मागची दोन मुलं पाचव्या-सातव्या महिन्यांत गेली, कारण कळलं नाही, असं कोणी सांगत असेल, तर त्या जुन्या फायलींत व्हीडीआरएल झाली होती का, हे बघण्यासारखं आहे.

आता रिपोर्ट. प्रयोगशाळेत दोन जातींच्या तपासण्या असतात. एक व्हीडीआरएल किंवा आरपीआर. ही जंतूला थेट पकडत नाही, जंतूने शरीरात जो बिघाड केला त्याला उत्तर म्हणून तयार झालेली द्रव्यं मोजते. दुसरी टीपीएचएसारखी, खास या जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडांची. पहिली कधी कधी खोटी ‘रिअॅक्टिव्ह’ येते: नुसत्या गरोदरपणातही, ल्युपससारख्या आजारात, मलेरियात, क्षयात, कुष्ठरोगात. म्हणून दुसरीने खातरजमा करतात. दुसरीची अडचण उलटी आहे. एकदा सिफिलिस होऊन गेला की उपचार पूर्ण झाले तरी ती बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते, त्यामुळे आजार आत्ता आहे की मागे होऊन गेला हे तिच्यावरून कळत नाही. दोन्ही हातात असल्याशिवाय, आणि मागे काय उपचार झाले हे विचारल्याशिवाय, निकाल देता येत नाही. नुसत्या एका ओळीवरून घरात पंचायत बसवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

व्हीडीआरएलच्या पुढे १:४, १:१६, १:३२ असे आकडे असतात. ताकात पाणी घालत जावं आणि कितव्या पेल्यापर्यंत आंबटपणा लागतो ते बघावं, तसं हे. १:३२ म्हणजे रक्तातला द्रव बत्तीस पट पातळ केला तरी प्रतिक्रिया दिसली. आकडा मोठा असेल तर लागण बहुधा ताजी आणि जोरात असते. उपचारांनंतर तो हळूहळू उतरायला हवा; चौपट उतरला, म्हणजे १:३२ वरून १:८ वर आला, की डॉक्टर समाधानी होतात. हे उतरणं महिन्यांचं काम आहे. इंजेक्शननंतर दोन आठवड्यांत आकडा तसाच आहे म्हणून घाबरायचं कारण नाही.

पालिकेच्या प्रसूतिगृहांत आणि सरकारी रुग्णालयांत आता बोटाच्या टोकातून थेंबभर रक्त घेऊन पट्टीवरची तपासणीही करतात. एचआयव्ही आणि सिफिलिस एकाच पट्टीवर, वीसेक मिनिटांत. खर्च काही नाही. मला ही पट्टी मोठ्या प्रयोगशाळेच्या छापील रिपोर्टपेक्षा जास्त मोलाची वाटते, कारण बाई अजून बाकावरच बसलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही असाच आहे: गरोदर बाईची पट्टी पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी इंजेक्शनचा पहिला डोस द्यावा आणि पक्कं निदान मागाहून करावं. खोट्या पॉझिटिव्हला एक जादा सुई बसली तर नुकसान थोडं. खऱ्या पॉझिटिव्हला ‘गुरुवारी या’ सांगितलं आणि ती आलीच नाही, तर?

इलाज म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत अर्धं अर्धं. हे जाडसर औषध स्नायूत साठून राहतं आणि आठवडे-आठवडे रक्तात हळूहळू झिरपतं, म्हणून ते दुखतंही चांगलंच. लागण ताजी आहे असं नक्की ठाऊक असेल तर एक डोस पुरतो. कधी झाली ते माहीत नसेल, आणि गरोदरपणात तपासणीतून सापडलेल्या बहुतेकींना ते माहीत नसतंच, तर आठवड्याला एक असे तीन डोस. दोन डोसांमधलं अंतर लांबलं तर गरोदर बाईला मालिका पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. पहिल्या इंजेक्शननंतर चोवीस तासांत ताप, थंडी, अंगदुखी येऊ शकते. जंतू एकदम मरतात त्याची ती प्रतिक्रिया. दिवस भरत आले असतील तर कळा सुरू झाल्यासारखं वाटू शकतं किंवा बाळाची हालचाल मंदावू शकते. असं झालं तर घरी वाट न बघता दवाखाना गाठावा. पण या भीतीने इंजेक्शन टाळू नये.

पेनिसिलिनची भीती डॉक्टरांनाही असते, हे उघड बोललेलं बरं. रिअॅक्शन आली तर काय, या विचाराने काही ठिकाणी इंजेक्शनऐवजी गोळ्या लिहून देतात. तीव्र रिअॅक्शन अगदी क्वचित येते, आणि ती सांभाळायची औषधं जवळ ठेवून इंजेक्शन देणं हे रोजचं काम आहे. ऱ्हुमॅटिक हृदयविकाराची मुलं हेच औषध दर तीन आठवड्यांनी वर्षानुवर्षं घेतात. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत त्यांची रांगच असते. गरोदर बाईला गोळ्या का चालत नाहीत, तेही सांगतो. अझिथ्रोमायसिन आणि इरिथ्रोमायसिन वार ओलांडून बाळापर्यंत पुरेसं पोचत नाही. आई बरी झाली तरी बाळ उपचाराविना राहतं. डॉक्सिसायक्लिन बाळाच्या हाडा-दातांना बाधतं. म्हणून खरीच अॅलर्जी असेल, तर मोठ्या रुग्णालयात भरती करून अगदी थोड्या थोड्या मात्रेने शरीराला सवय लावतात आणि मग पेनिसिलिनच देतात. इतक्या वर्षांत या जंतूला पेनिसिलिनविरुद्ध प्रतिकार जमलेला नाही.

कॅलेंडरचा खरा आकडा आता येतो. प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी आईला पेनिसिलिन मिळालेलं असेल, तरच बाळाच्या दृष्टीने आईचा उपचार ‘पुरेसा’ धरतात. तेही लागणीच्या काळाला साजेसे पूर्ण डोस झाले असतील तर. नवव्या महिन्यात नाव घातलं आणि दहा दिवसांत बाळंत झाली, तर इंजेक्शन देऊनही बाळाला उपचार न मिळालेल्या आईचं बाळ समजूनच वागवावं लागतं. पहिल्या तीन महिन्यांत तपासणी करा असा आग्रह असतो तो यासाठी. एक निगेटिव्ह रिपोर्ट नऊ महिन्यांचा परवाना मात्र नव्हे. लागणीनंतर रक्तात खूण उमटायला काही आठवडे लागतात आणि लागण गरोदरपणातही होऊ शकते. धोका जास्त वाटला तर २८ ते ३२ आठवड्यांदरम्यान आणि पुन्हा प्रसूतीच्या वेळी तपासणी करतात.

आणि मग येतो नवरा.

आयसीटीसीतली, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रातली, समुपदेशक म्हणते, “ताई, पुढच्या खेपेला मिस्टरांना घेऊन या.” उत्तर ठरलेलं असतं: “मॅडम, त्यांचा खाडा पडतो हो, ते नाही यायचे.” खाड्याची अडचण खरी आहे, रोजंदारीवर घर चालतं तिथे तर फारच. पण नवऱ्याचा उपचार हा बाळाच्या उपचाराचाच भाग आहे. बायकोने तीन डोस सोसले आणि नवरा तसाच राहिला, तर तिला पुन्हा लागण होऊ शकते, याच गरोदरपणात, आणि ही नवी लागण ताजी म्हणजे बाळाला सर्वांत घातक. दोघांचे उपचार होईपर्यंत शरीरसंबंध टाळायचे. केईएम, नायर, शीव अशा मोठ्या रुग्णालयांच्या त्वचा व गुप्तरोग विभागात पुरुषांसाठी वेगळी सोय असते. सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी आणि औषधं फुकट मिळतात. कुठे जायचं ते कळत नसेल तर १०९७ या फुकट क्रमांकावर विचारता येतं.

दोष कोणाचा, हा प्रश्न घरात उठतोच, आणि बहुतेक वेळा सुनेच्या माथी मारला जातो. कारण साधं आहे: ती गरोदर म्हणून तिचं रक्त आधी तपासलं गेलं. ज्याचा रिपोर्ट आधी आला त्याला आजार आधी झाला, असा तर्क सासूबाईंपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे लढवतात. रक्ताची कुठलीही तपासणी कोणाकडून कोणाला लागण झाली ते सांगत नाही. लग्नाआधीची, दहा वर्षांपूर्वीची लागणही आज सापडू शकते. खाजगी प्रयोगशाळांची एक सवय मला खटकते: नोंदवलेल्या नंबरवर रिपोर्ट व्हॉट्सअॅपने जातो, आणि तो नंबर पुष्कळदा दिराचा किंवा सासऱ्यांचा असतो. रक्त देताना स्वतःचा नंबर द्यावा, नाहीतर रिपोर्ट हातीच घ्यावा.

आता माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, गजरे माळले जातात, आणि परळची मुलगी चिपळूणला नाहीतर कराडला जाते. सोबत साड्या, सुका मेवा, लाडवांचा डबा; फाईल मात्र ‘इथलीच आहे, तिथे नवीन काढतील’ म्हणून कपाटात राहते. तिथल्या डॉक्टरांना काही ठाऊक नसतं. बाई लाजेपोटी सांगत नाही, किंवा तिला स्वतःलाच इंजेक्शन कशाचं होतं ते नीट सांगितलेलं नसतं. बाळ जन्मतं, रडतं, दूध पितं, गोरंगोमटं दिसतं, तिसऱ्या दिवशी घरी.

आणि जन्मजात सिफिलिसची बरीचशी बाळं जन्मताना अशीच दिसतात, अगदी निरोगी. लक्षणं पुढच्या आठवड्यांत येतात: नाक सतत वाहणं, कधी रक्तमिश्रित, तळहात-तळपायांवर फोड आणि सालटं निघणं, कावीळ, पांढुरकेपणा, पोटात यकृत आणि पाणथरी वाढणं. एखादं बाळ हात किंवा पाय हलवतच नाही. घरच्यांना वाटतं लचक भरली, आणि असतं हाडाच्या टोकाशी दुखणं. काहींच्या बाबतीत वर्षांनी कळतं: दात खाचेचे येतात, डोळ्याचं बुबुळ धुरकट होतं, ऐकू येईनासं होतं, नाकाचं हाड बसतं. ऐकू येणं असं एकदा गेलं की औषधाने परत आणता येत नाही.

म्हणून फाईल सोबत हवी. नुसती फाईल जड वाटत असेल तर एका कागदावर डॉक्टरांकडून एवढं लिहून घ्यावं: व्हीडीआरएलचा आकडा आणि तारीख, पेनिसिलिनच्या प्रत्येक डोसाची तारीख, नवऱ्याचा उपचार झाला की नाही. माता-बाल संरक्षण कार्डातच तो कागद ठेवला तर हरवत नाही.

बाळाचं रक्त तपासताना एक गुंता असतो. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळात येतात, त्यामुळे बाळ निरोगी असूनही त्याची तपासणी ‘रिअॅक्टिव्ह’ येऊ शकते. मग आईचा आणि बाळाचा आकडा शेजारी ठेवून बघतात. बाळाचं रक्त शिरेतून घेतात, नाळेतून नाही. नाळेत आईचं रक्त मिसळलेलं असू शकतं. बाळाचा आकडा आईच्या चौपट किंवा त्याहून जास्त असेल तर संसर्ग बाळाचा स्वतःचा असण्याची दाट शक्यता. आईचा आकडा १:८ आणि बाळाचा १:३२, असं. आकडा कमी असला तरी बाळ सुटलं असं नाही; अंगावरची चिन्हं आणि आईच्या उपचाराच्या तारखा बघाव्याच लागतात. शंका असेल तर हाडांचे एक्स-रे, रक्ताची मोजणी आणि पाठीतलं पाणी तपासतात. पाठीतल्या पाण्याचं नाव काढलं की आजी-आजोबा बिथरतात. पण जंतू मेंदूपर्यंत गेला आहे का, ते कळायला हाच मार्ग आहे.

लक्षणं असलेल्या बाळाला, किंवा आईचा उपचार अपुरा राहिलेल्या बाळाला, दहा दिवस पेनिसिलिन इंजेक्शनं द्यावी लागतात. त्यात एका दिवसाहून जास्त खंड पडला तर दहा दिवस पुन्हा पहिल्यापासून, म्हणून बाळ रुग्णालयातच ठेवतात. बाळंतिणीला सोडलं आणि बाळाला ठेवलं, बारसं पुढे ढकललं, यावरून घरात धुसफूस होते, पण मधेच ‘आता बरं दिसतंय’ म्हणून बाळ उचलून नेऊ नये. आईचे डोस वेळेत पूर्ण झाले असतील आणि बाळ तपासणीत चांगलं असेल, तर कधी एकच इंजेक्शन देतात, कधी नुसतं लक्ष ठेवतात. आईने अंगावर पाजायला हरकत नसते. फक्त स्तनावर व्रण असेल तर त्या बाजूने नाही.

मग दर दोन-तीन महिन्यांनी बाळाचं रक्त तपासायचं, ते निगेटिव्ह होईपर्यंत. आईकडून आलेली व्हीडीआरएल साधारण सहा महिन्यांत निघून जाते. नाही गेली तर बाळाला पुन्हा तपासावं लागतं. या तारखा लक्षात राहत नाहीत, म्हणून लसीच्या तारखांना जोडून घ्याव्यात. चौदा आठवड्यांच्या लसीला एक तपासणी, मग सहाव्या महिन्यात, आणि तेव्हाही आकडा उरला असेल तर नवव्या महिन्याच्या गोवराच्या लसीच्या वेळी पुन्हा.

पुढच्या बाळंतपणात हे सगळं परत निघतं. टीपीएचए पॉझिटिव्हच येणार, नव्या डॉक्टरांच्या भुवया उंचावणार. तेव्हा मागचा कागद हाताशी असेल, त्यावर शेवटचा आकडा १:२ आणि डोसांच्या तारखा असतील, तर ही जुनी खूण आहे की नवी लागण हे पाच मिनिटांत ठरतं. कागद नसेल तर तीन इंजेक्शनं पुन्हा.